सतरा नंबरची ऊब

१

संपदा वर्तक रोज पहाटे साडेपाचला आगाशीहून स्कूटर काढायची आणि दहा मिनिटांत नंदाखालला पोचायची. आगाशीच्या घरात सासू-सासरे, दोन मुलं, कुकरच्या शिट्ट्या आणि बाजारपेठेचा कालवा. त्या गलबल्यात तिचं काम होण्यासारखं नव्हतं. म्हणून तिनं ग्रेसीमावशी डाबरेंच्या घरावरची एक खोली घेतली होती. बाहेरून चढणारा लोखंडी जिना, एक दार, केळीच्या वाडीवर उघडणारी एक खिडकी, टेबल, खुर्ची आणि तीन मोठे पडदे असलेला संगणक. बास.

काम असं, की कॅनडाच्या उत्तरेकडच्या एका उघड्या माळावर चोवीस पवनचक्क्या उभ्या होत्या आणि रात्रभर त्यांच्यावर नजर ठेवायची होती. तिथली रात्र म्हणजे नंदाखालची सकाळ. घड्याळात साडेबारा तासांचा फरक. इथं मावशी कोंबड्यांना दाणे टाकत तेव्हा तिथं टॅमरॅक नावाच्या नऊ हजार वस्तीच्या गावात लोक जेवून आडवे होत.

ही नोकरी तिला मावशींच्या धाकट्या मुलामुळे मिळाली होती. फ्लॉईड पाच वर्षांपासून त्याच माळावर होता. रात्रपाळीला एकटाच गाडीत बसून असायचा आणि कुठली पवनचक्की अडली की जाऊन बघायचा. संपदा इथून बघणारी, फ्लॉईड तिथं हात लावणारा. दोघं दिवसभर एकमेकांच्या कानात असायचे.

जानेवारीतल्या त्या मंगळवारी माळावर उणे एकेचाळीस अंश होतं.

संपदाला तीन हिवाळ्यांचा अनुभव होता. उणे तीसच्या खाली पारा गेला की चक्क्या आपोआप थांबतात. तेल काकवीसारखं घट्ट होतं, पोलाद ठिसूळ होतं, पात्यांवर बर्फ धरतो. शिवाय खांबाच्या टोकावर एसटीएवढी जी बंद पेटी असते, जिला ती आणि फ्लॉईड नुसतं 'डोकं' म्हणत, ती अगदीच गोठू नये म्हणून आतले हीटर चालू ठेवावे लागतात. म्हणजे वीज देणारी चक्की त्या दिवसांत वीज मागायला लागते. गावाला हवी असते नेमकी तेव्हाच.

सकाळी नऊला तिनं सगळ्या डोक्यांची तापमानं पाहिली. उणे एकोणीस, उणे बावीस, उणे अठरा. सगळी अशीच.

सतरा नंबर, चोवीस पूर्णांक सहा.

उणे नव्हे. चोवीस.

२

"सेन्सर गेला असेल," फ्लॉईड म्हणाला. गाडीतल्या हीटरची घरघर त्याच्या आवाजामागं ऐकू येत होती. "एवढ्या थंडीत काय काय मरतं, ताई. माझा फोन खिशाबाहेर काढला की दोन मिनिटांत बंद."

"तीन सेन्सर आहेत रे. तिन्ही तेच सांगतायत."

"मग तिन्ही मेले."

संपदानं नोंद केली, 'सतरा: तापमान संशयास्पद', आणि पुढं गेली. पण डोळा परत परत तिकडेच जायला लागला. साडेनऊला पंचवीस. दहाला सव्वीस पूर्णांक दोन. बाकीची तेवीस डोकी अंशाअंशानं खाली चाललेली आणि हे एकटंच वर चढतंय. मेलेला सेन्सर एका जागी अडकतो, नाहीतर वेडेवाकडे आकडे दाखवतो. असा हळूहळू, सकाळचं ऊन चढावं तसा चढत नाही.

हे मनात आलं तशी तिची नजर टेबलावरच्या घड्याळाकडे गेली. साधं सेलवरचं घड्याळ, नवऱ्याला, जितेंद्रला, दिवाळीत कुणीतरी दिलेलं. वेळेखाली खोलीचं तापमान दाखवायचं.

सव्वीस पूर्णांक दोन.

ती हसली. आकडेच ते, जुळायचे कधीतरी. तरी तिनं उठून पंखा बंद केला, खिडकी लावली आणि पुन्हा खुर्चीत बसली. खोली तापायला लागली. कपाळावर घाम आला. दहा मिनिटांनी घड्याळात सत्तावीस पूर्णांक नऊ. पडद्यावर सतरा नंबरला सत्तावीस पूर्णांक नऊ.

तिनं घड्याळ उचलून उलटं करून पाहिलं. ना वायर, ना वायफाय, एक पेन्सिल सेल. ते कशालाच जोडलेलं नव्हतं. तिनं ते तसंच पालथं ठेवलं आणि खिडकी उघडली. वाडीतली गार हवा आत आली. तिला बघायचं नव्हतं, पण तिनं पाहिलं. सतरा नंबरचा आकडा खाली यायला लागला होता.

३

प्रत्येक डोक्यात गिअरचा आवाज ऐकण्यासाठी एक माइक बसवलेला असतो. यंत्र बिघडायच्या आधी आवाज बदलतो, तो पकडण्यासाठी. थांबलेल्या चक्कीत ऐकण्यासारखं काही नसतं. फार तर वाऱ्याची शीळ, कुठंतरी बर्फ तडकल्याचा आवाज.

संपदानं हेडफोन नीट केला आणि सतरा नंबरचा माइक उघडला.

आधी काहीच नाही. मग लांबून पाण्याच्या पंपाची धकधक. मग भारद्वाजाचा तो खोल, पोकळ आवाज, हूप हूप हूप. मग खुर्ची करकरली.

तिची खुर्ची. ती पुढं वाकली होती म्हणून.

मग तिचं डोकं काम करायला लागलं. वीज विषय घेऊन इंजिनियर झालेली बाई ती. तिला ठाऊक होतं की आवाज असे फिरतात. हेडफोनच्या माइकनं खोलीतले आवाज घ्यायचे, संगणकानं चुकून तेच परत कानात सोडायचे. तिनं हेडफोनचा माइक काढला. वेबकॅमची वायर उपसली. फोन ड्रॉवरमध्ये टाकला. मग टेबलावर बोटानं एकदा टक् केलं.

अर्ध्या क्षणानं कानात टक्.

ती उठली, फोन परत काढला, त्यावर सतरा नंबरचा माइक उघडला आणि लोखंडी जिना उतरून खाली पडवीत आली. ग्रेसीमावशी केळीची पानं पुसून त्यांच्या जुड्या बांधत बसल्या होत्या.

"काय गं बाय, आज एवढ्यात चहा?"

"नाही मावशी, जरा मोकळ्या हवेत." ती पायरीवर टेकली. फोन कानाला होता. वरची खोली आता रिकामी होती. पंखाही बंद. ऐकू आलं तर फक्त पाखरं ऐकू यायला हवीत.

पंप. कावळा. मग खुर्ची करकरली. कुणीतरी बसताना करकरते तशी, आधी लांब, मग आखूड. आणि मग बोटं चालायला लागली. कळफलकावर, सावकाश, एकेक अक्षर शोधून टाइप केल्यासारखी.

मावशींचे हात थांबले. त्यांनी वर स्लॅबकडे बघितलं.

"वर कोण हाय?" त्या म्हणाल्या. "खुर्ची सरकली ना आता?"

फोन मावशींच्या कानाला नव्हता.

संपदा वर गेली. कशी गेली ते तिचं तिलाच नंतर सांगता आलं नाही. दार तिनं ओढून घेतलं होतं तसंच होतं. खोलीत कुणी नव्हतं. खुर्ची टेबलापाशी होती, पडद्यावर काही लिहिलेलं नव्हतं. तिनं खुर्चीच्या बैठकीवर हात ठेवला आणि झटक्यात मागं घेतला. बैठक थंडगार होती. नुसती गार नव्हे. बर्फाच्या कारखान्यात लाद्यांना हात लागल्यावर कातडी चिकटते, तशी.

४

अकराला जॅक्सनचा फोन आला. तिथला पाळीप्रमुख. एरवी मवाळ माणूस, आज त्याचा आवाज ताणलेला होता.

"गावाची मुख्य लाइन दमलीय," तो इंग्रजीत भराभरा बोलला. "सगळ्यांनी हीटर लावलेत. अर्ध्या तासात भागाभागानं वीज तोडायला सुरुवात होणार. माळावर वारा उठलाय आणि पारा उणे चौतीसवर आलाय. आणीबाणीत उणे पस्तीसपर्यंत चालवायची मुभा आहे, फक्त तेल गरम पाहिजे. बाकीच्यांचं तेल सैल व्हायला सहा तास लागतील. पण तुझ्या पडद्यावर सतरा नंबर गरम दिसतोय."

"ते आकडे खरे नाहीत, जॅक्सन."

"तेलाचा दाब बघ."

तिनं पाहिला. तेल खरोखरच सैल होतं. मे महिन्यात असावं तसं.

"मग खरे आहेत," जॅक्सन म्हणाला. "फ्लॉईड वर जाऊन पाती आणि गिअर बघेल. तो खाली आला की तू चालू कर. एक चक्की म्हणजे गावाची पूर्व बाजू. तिकडं म्हाताऱ्या माणसांची घरं आहेत, संपदा. उणे चौतीसमध्ये तासाभरात भिंती गोठतात."

जॅक्सननं फोन ठेवल्याबरोबर तिनं फ्लॉईडला गाठलं.

"वर जाऊ नकोस."

"का? जॅक्सननं सांगितलंय. मी निघालो पण."

काय सांगावं? खुर्ची थंड लागली म्हणून? तिनं सांगून टाकलं. "फ्लॉईड, त्या डोक्यातून माझ्या खोलीतले आवाज येतायत. तुझ्या घरचा पंप ऐकू येतोय. मी खाली गेले तेव्हा कुणीतरी माझ्या खुर्चीत येऊन बसलं. तुझ्या आईनंही ऐकलं."

तो हसला, पण बेतानंच.

"ताई, किती दिवस झाले सुट्टी घेऊन?"

"अरे..."

"हे बघ, मी दहा मिनिटांत वर जातो नि खाली येतो. मम्मीला सांग, तुला पेज करून देईल. आणि तू लाइनवर राहा, बरं का. एकटं चढायला मलापण नाय आवडत."

५

पवनचक्कीच्या पायथ्याशी दार असतं. आत जाताना कार्ड टेकवायचं, म्हणजे कंट्रोल रूमला कळतं की आत माणूस आहे. आकडा शून्य असल्याशिवाय चक्की सुरू करायची नाही, हा पहिला नियम. नोकरीच्या पहिल्या दिवशी तो संपदाकडून पाठ करून घेतला होता.

फ्लॉईडनं कार्ड टेकवल्याचा 'टीं' तिला ऐकू आला. पडद्यावर आकडा उमटला.

आत माणसं: दोन.

"फ्लॉईड, तुझ्याबरोबर कुणी आहे?"

"कोण असणार? कोल्हा."

"इथं दोन दाखवतंय."

"दोनदा टेकलं असेल. हातमोज्यात कळत नाय." दार आपटल्याचा आवाज. मग पाळण्याची मोटर. खांबाच्या आतला माणसं नेणारा पाळणा थोडा चढला आणि थांबला. "गोठला. शिडीनं जातो."

लोखंडी शिडीवर त्याचे बूट वाजायला लागले. ठण्, ठण्, ठण्. मध्ये धाप. संपदाचे दोन्ही तळहात टेबलावर सपाट होते. खिडकीबाहेर लख्ख ऊन होतं, केळीची पानं हलत होती, खाली मावशी कोंबड्यांवर ओरडत होत्या. तिनं मनाशी ठरवलं की आपण त्या उन्हाकडेच बघायचं.

ठण्, ठण्.

तिनं हेडफोनचा एक कान बाजूला केला. आवाज थांबला नाही. तो बाहेरून येत होता. जिन्यावरून.

कुणीतरी जड बुटांनी जिना चढत होतं. फ्लॉईडची एक पायरी, जिन्याची एक पायरी. फ्लॉईड दम खायला थांबला की जिनाही थांबायचा. आणि दाराच्या फटीतून पायांशी गारवा यायला लागला. तिच्या घोट्यांवरचे केस उभे राहिले. दार तिच्या पाठीशी होतं.

"पोचलो," फ्लॉईड म्हणाला. "बापरे. ताई, झाकण गरम लागतंय. उन्हात ठेवल्यासारखं." कडी सरकली. तिच्या पाठीमागं, तिच्या दाराचीही कडी सरकली.

"फ्लॉईड?"

"ताई." आवाज एकदम लहान झाला होता. "ताई, इथं ऊन आहे."

"खाली ये."

"इथं एक बाई बसलीय. टेबलापाशी. पाठमोरी. कानाला हेडफोन आहे तिच्या."

संपदाच्या मानेवर थंड हवा आदळत होती. आपण वळलो तर काय दिसेल, हे तिला एकाच वेळी ठाऊक होतं आणि नव्हतंही. दारात फ्लॉईड दिसेल, जाड कोटात, भुवयांवर बर्फ धरलेला. इतकंच. त्यात भ्यायचं काय? घरचाच मुलगा. पण मान वळेना. सगळं अंग सांगत होतं, वळू नकोस.

"ऐक," ती ओठ न हलवता म्हणाली. "ती मीच असेन. मी हलत नाहीये. बघ, मी अजिबात हलत नाहीये. तू झाकण लाव आणि खाली उतर."

"तूच का?" त्यात केवढा तरी धीर गोळा झालेला तिला ऐकू आला. "मग ताई, तू अशी वळतेस कशाला?"

संपदा हलली नव्हती. तिचे हात टेबलावर सपाट होते आणि डोळे खिडकीवर. खिडकीच्या उघड्या तावदानाच्या काचेत मात्र तिला पाठीमागची खोली पुसटशी दिसत होती. उघडं दार, दारातला उजेड. आणि तिच्या खुर्चीच्या इतक्या जवळ, की आधी तिला ती स्वतःचीच सावली वाटली, दुसरं एक डोकं. ते सावकाश दाराकडे वळत होतं.

फ्लॉईड किंचाळला नाही. त्यानं नुसता श्वास आत ओढला. मग झाकण आदळल्याचा आवाज आला, आणि तिच्या पाठीमागं दार धाडकन लागलं.

६

फ्लॉईड खाली उतरला. गाडीत बसल्याचं जॅक्सनला कळवलं आणि मग त्यानं रेडिओ बंद करून टाकला.

"तो बाहेर आलाय," जॅक्सन म्हणाला. "चालू कर."

पडद्यावर आकडा होता. आत माणसं: एक.

"नाही करता येणार. आत कुणीतरी आहे."

"फ्लॉईड गाडीत आहे, संपदा! मी बोललोय त्याच्याशी. दोनदा कार्ड टेकलं होतं त्यानं. कोण आहे आत?"

"माहीत नाही. पण आहे."

"पूर्वेची वीज आता तोडतील."

बटण तिच्या बोटाखाली होतं. तिनं स्वतःला समजावून पाहिलं. यंत्रातली चूक, कार्डाची चूक, झोप कमी, काचेतली सावली. प्रत्येक कारण आपल्या जागी बरोबर होतं. पण चक्की सुरू झाली की त्या डोक्यात माणसाएवढे दांडे गरगरा फिरतात. आत कुणी असेल तर त्याचं काय होतं, याचे फोटो तिला दाखवले होते. आणि त्या डोक्यात जे फिरेल ते या खोलीतही फिरणार नाही, याची खात्री तिला कोण देणार होतं? कान अजून त्या माइकवर होता. पंप. पाखरं. आणि कुणाचातरी श्वास, तिच्या श्वासाशी न जुळणारा.

तिनं हात मागं घेतला. "मी करणार नाही."

टॅमरॅकच्या पूर्वेला पन्नास मिनिटं अंधार होता. मग दुसऱ्या प्रांतातून वीज मिळाली. मेलं कुणी नाही. एक एकटी राहणारी म्हातारी शेजाऱ्यांकडे जायला म्हणून बाहेर पडली आणि अंगणात घसरली. तिची दोन बोटं काढावी लागली. तिचं नाव संपदाला चौकशीच्या कागदात वाचायला मिळालं. ते ती अजून विसरलेली नाही.

दुसऱ्या दिवशी उजेडात तिघंजण सतरा नंबरमध्ये चढले. आत उणे एकवीस होतं, तेल गोठलेलं, माणूस कुणी नाही. चौकशीत संपदानं 'आकडा शून्य नव्हता' एवढंच लिहिलं. नियमाप्रमाणे ती बरोबर ठरली. महिनाभरानं तिनं नोकरी सोडली, संगणक उचलून नेला आणि वरच्या खोलीची किल्ली मावशींच्या हातात दिली. मावशींनी का म्हणून विचारलं नाही. त्या नुसत्या म्हणाल्या, "मीपन नाय जात वर, बाय."

७

मे महिन्यात फ्लॉईड कायमचा घरी आला. संपदाला ते मिरची-कांदा घ्यायला बाजारात आलेल्या मावशींकडून कळलं. "बोलत नाय कोणाशी," त्या म्हणाल्या. "उकाड्यात पन स्वेटर घालून बसतो. तू येशील का?"

ती गेली. फ्लॉईड वाडीत, विहिरीच्या कठड्याशी उभा होता. खंगला होता. त्यानं तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली.

"ताई, त्या दिवसाचं काही विचारू नको."

"नाही विचारत."

पंप चालू होता, पाटातून पाणी केळीच्या बुंध्यांकडे चाललं होतं. मग तो म्हणाला, "एक काम करशील? त्या स्टुलावर बस. माझ्याकडं पाठ करून. कामाला बसायचीस ना, तशी."

संपदानं विचारलं नाही. स्टूल ओढलं आणि बसली. हात मांडीवर सपाट ठेवले. तिच्या पाठीमागं तो दोन पावलं पुढं आला, थांबला, जरा बाजूला सरकून पुन्हा थांबला. तिला त्याचा श्वास ऐकू येत होता.

"आता मान वळव. सावकाश. थोडीच."

तिनं वळवली.

शेवटी तिनंच विचारलं, "फ्लॉईड? मीच होते ना रे?"

"नाय, ताई," तो म्हणाला. त्याचा आवाज रडवेला झाला होता. "आणि मी इतके महिने देवाकडं एवढंच मागत होतो, की ती तूच असावीस."